मधुमेह असताना ट्रेकचे बूट कसे निवडावेत

राजगडावरून चोर दरवाजाच्या वाटेने गुंजवण्यात उतरून रात्री घरी पोहोचले आणि मोजे काढले, तेव्हा डाव्या मोज्यावर करंगळीच्या बाजूला रुपयाएवढा तांबूस डाग दिसला. दिवसभर पाय एकदाही दुखला नव्हता. बूट नवे होते, दुकानात ते घालून मी दहा मिनिटे फिरले होते, आणि एक नंबर मोठा जोड ढगळ वाटतो म्हणून तो मीच नाकारला होता. करंगळीवरची ती जखम भरायला सहा आठवडे लागले. त्या काळात पायाची पहिली नीट तपासणी झाली आणि मधुमेहाने तळव्याची व बोटांची संवेदना कमी झाल्याचे निदान झाले, तेव्हा दुकानातल्या त्या निवडीचा अर्थ मला कळला. ज्या पायाला हलका स्पर्श नीट जाणवत नाही, त्याला बूट आवळत असेल तेव्हाच तो ‘बसल्यासारखा’ वाटतो आणि योग्य मापाचा बूट सैल वाटतो.

म्हणून या लेखात ‘आरामदायी’ हा शब्द थोड्या वेगळ्या अर्थाने वापरला आहे. मधुमेह असलेल्या माणसाने पायाला काय वाटते यावर बूट निवडू नये. डोळ्यांना काय दिसते, हाताला काय लागते आणि मोजपट्टी काय सांगते यावर निवडावा. संवेदना आज शाबूत असली तरी हीच सवय लावून घ्यावी, कारण ती कमी होऊ लागते तेव्हा त्याची चाहूल माणसाला सहसा लागत नाही.

पायात नेमके काय बदलते

मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंवर तीन प्रकारे परिणाम होतो आणि तिन्हींचा संबंध थेट बुटाशी येतो. स्पर्श, वेदना आणि तापमान सांगणारे तंतू मंदावले की खडा, शिवण किंवा चटका कळत नाही. पायातल्या लहान स्नायूंना चालवणारे तंतू अशक्त झाले की बोटे पंजासारखी वळू लागतात. मग बोटांचे मधले सांधे वरच्या कापडाला घासतात आणि चवड्याखालची हाडे तळव्यात जास्त टोचू लागतात. घामाचे नियंत्रण करणारे तंतू बिघडले की पायाला घाम कमी येतो, कातडी कोरडी पडते आणि टाचेला भेगा जातात. याच्या जोडीला पायाचा रक्तपुरवठा कमी झाला असेल, तर इतरांची चार दिवसांत भरणारी जखम आठवडेच्या आठवडे चिघळत राहते.

यात आशेची बाजूही आहे. पायाच्या बहुतेक जखमा एखाद्या मोठ्या अपघाताने होत नाहीत. एकाच जागी हजारो पावले पडलेल्या सौम्य दाबाने किंवा घर्षणाने त्या होतात. हा दाब बुटाच्या निवडीने टाळता येतो.

पहिली पायरी: बुटाआधी पाय तपासून घ्यावा

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा पायांची तपासणी करून घ्यावी, आणि ट्रेक सुरू करायचे असतील तर ती आधी करावी. डॉक्टर नायलॉनच्या एका विशिष्ट तंतूने तळव्यावर ठरावीक ठिकाणी स्पर्श करतात. हा तंतू १० ग्रॅम दाबाला वाकतो, आणि तेवढा दाबही डोळे मिटून ओळखता येत नसेल तर पायाचे संरक्षण करणारी संवेदना गेली असे मानतात. १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने अंगठ्याला कंप जाणवतो का हे पाहतात, तसेच पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी हाताने तपासतात. या सगळ्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. डॉक्टर स्वतःहून पाय पाहत नसतील, तर मोजे काढून बसावे आणि ‘पाय तपासा’ असे संकोच न करता सांगावे.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरीही एक सोपी चाचणी करता येते. आपण डोळे मिटून झोपावे आणि घरातल्या व्यक्तीने दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून, क्रम बदलत, तर्जनीने एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टिचकी मारू नये, गुदगुल्या करू नयेत. स्पर्श कळताच आपण ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे सांगावे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर संवेदना कमी झाली असण्याची शक्यता आहे, आणि बूट खरेदीपूर्वी डॉक्टरांकडे जावे.

यानंतर पाय नुसते डोळ्यांनी पाहावेत, तळव्यासाठी आरसा घ्यावा. कुरूप आणि घट्टे कुठे आहेत, बोटे वळली आहेत का, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आले आहे का, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या आहेत का, नख कातडीत रुतते आहे का, हे कागदावर टिपून ठेवावे. घट्टा म्हणजे जुन्या चपलांनी किंवा बुटांनी दाब कुठे टाकला याचा पायावर उमटलेला नकाशा असतो. तो घरी ब्लेडने कापू नये आणि कुरूप जाळणाऱ्या पट्ट्याही लावू नयेत, कारण त्यांतले आम्ल बधिर पायाची चांगली कातडीही जाळते.

काही स्थितींत ट्रेकचा विचारच पुढे ढकलावा. पायावर उघडी जखम असेल, चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावरच मोकळी होत असेल, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला असेल, तर बाजारातला कोणताही बूट हा त्यावरचा उपाय नाही. शेवटचे लक्षण विशेष गंभीर आहे. संवेदना गेलेल्या पायाची हाडे आणि सांधे आतून मोडू लागल्याची ती सुरुवात असू शकते. त्याला शार्को फूट म्हणतात. ते फारसे दुखत नाही, म्हणून लोक ‘मुरगळला असेल’ असे समजून चालत राहतात आणि पायाचा आकार कायमचा बिघडतो. ज्यांना पूर्वी पायाला व्रण झाला आहे किंवा ज्यांचे एखादे बोट काढावे लागले आहे, त्यांनी तयार बूट घेऊ नयेत. तज्ज्ञांच्या सल्ल्याने बनवून घेतलेली पादत्राणे वापरावीत आणि डोंगरात जायचे की नाही हेही त्यांनाच विचारावे.

दुसरी पायरी: कोणती वाट, कोणता ऋतू

दुकानातला विक्रेता प्रथम विचारतो, ‘बजेट किती?’ आपण मात्र स्वतःला आधी विचारावे की हा बूट कुठे चालणार आहे. आतकरवाडीतून सिंहगड चढून दोन-तीन तासांत परतणाऱ्या माणसाची गरज वेगळी आणि तोरणा ते राजगड अशी दिवसभराची डोंगरधार चालणाऱ्याची वेगळी. पाचनईकडून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट आणि त्याच गडाची नळीची वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संवेदना कमी असलेल्या माणसाने मळलेल्या पायवाटा निवडाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. कातळटप्प्यावर बुटाच्या टोकाखाली खोबण आहे की नाही हे पायालाच कळावे लागते.

उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत सह्याद्रीत घसारा असतो. मुरमाड उतारावर पाय पुढे सरकतो, बोटे बुटाच्या टोकावर आदळतात, आणि वाटेवरचे बाभळीचे आणि बोरीचे काटे पातळ तळ सहज भेदतात. अशा वेळी तळ जाड आणि त्यावरची नक्षी खोल असावी, आणि बोटांपुढे रबराचे कडक आवरण असावे. पावसाळ्यात काळा कातळ शेवाळाने निसरडा होतो, तिथे खोल नक्षीपेक्षा मऊ, चिकटून धरणाऱ्या रबराचा उपयोग अधिक होतो, मात्र ते रबर लवकर झिजते.

जलरोधक बुटांविषयी बराच गैरसमज आहे. आपल्याकडच्या पावसात ओढा ओलांडताना पाणी बुटाच्या तोंडातूनच आत शिरते, आणि जलरोधक अस्तर ते पाणी आत धरून ठेवते. तासन्‌तास भिजलेली कातडी पांढरी, फुगीर आणि लुसलुशीत होते. तिला घर्षणाने फोड लगेच येतो आणि बोटांच्या बेचक्यांत बुरशी वाढते. पावसाळी ट्रेकसाठी पाणी लवकर निथळणारा आणि लवकर वाळणारा जाळीदार बूट आणि सोबत कोरड्या मोज्यांचे दोन जोड ही योजना मला अधिक सुरक्षित वाटते. हिमालयात बर्फावर जायचे असेल तर गोष्ट उलटी आहे. तिथे जलरोधक बूट हवा आणि तो स्वतःचाच हवा. बेस कॅम्पवर भाड्याने मिळणारे बूट दुसऱ्याच कोणाच्या पायाच्या आकाराला रुळलेले असतात, त्यामुळे मधुमेहींनी ते वापरू नयेत.

घोट्याच्या उंचीबाबत मध्यम मार्ग बरा. संवेदना कमी झाली की तोलही थोडा जातो, म्हणून घोटा झाकणारा बूट आधार देतो आणि खडे आत शिरू देत नाही. पण फार उंच आणि कडक बुटाची कड नडगीला किंवा घोट्याच्या हाडाला घासते. कडेला मऊ गादी असलेला, घोट्यापर्यंत येणारा बूट बहुतेकांना पुरतो. पट्ट्यांच्या सँडल आणि फ्लोटर्स ट्रेकसाठी पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

तिसरी पायरी: माप घरी, संध्याकाळी, उभे राहून

दिवसभरात पाय फुगतात आणि लांबच्या चालीनंतर अधिकच फुगतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. भिंतीला कागद टेकवून ट्रेकचे मोजे घालून त्यावर उभे राहावे, टाच भिंतीला लावावी, दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा आणि दुसऱ्या व्यक्तीने पेन्सिल सरळ उभी धरून पायाची कड आखावी. बसून घेतलेले माप कमी भरते, कारण भार पडल्यावर पाय लांब आणि रुंद होतो. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये मोजावी. अनेकांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, हे विसरू नये. चवड्याची सर्वांत रुंद जागाही मोजावी. दोन्ही पाय मोजावेत आणि जो मोठा भरेल त्याचेच माप धरावे.

बुटाची आतली लांबी पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर जास्त असावी, हा मधुमेही पायांसाठीचा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी मान्य केलेला नियम आहे. ट्रेकच्या उतारांचा विचार करता मी १२ ते १५ मिलिमीटर धरते. त्याहून कमी जागा असेल तर उतरताना नखे काळी पडतात, आणि २ सेंटिमीटरच्या पुढे गेले की पाय आत सरकून टाचेला फोड येतो. बुटाची आतली रुंदी चवड्याच्या रुंदीइतकी असावी आणि बोटांच्या वर, विशेषतः बोटे वळलेली असतील तर, कापड टेकू नये इतकी उंची असावी. लांबी सगळे पाहतात. माझ्या अनुभवात फसगत होते ती रुंदीत आणि उंचीत.

नंबरांवर फार विसंबू नये. आपल्याकडे रूढ असलेल्या यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो आणि अर्ध्या नंबराचा सव्वाचार, तर युरोपीय मापात एक नंबर म्हणजे पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यातही प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असल्यामुळे एकीचा ८ नंबर दुसरीच्या साडेसातएवढा निघतो. आखलेल्या कागदाचा पायाच्या आकाराचा तुकडा कापून घ्यावा आणि तो खिशात घालून दुकानात जावे. महिलांना आणखी एक सांगणे आहे. महिलांसाठीचे बूट पुष्कळदा चवड्याशी निमुळते असतात. पाय रुंद असेल तर पुरुषांच्या विभागात त्याच लांबीचा बूट मागावा. माझे आताचे बूट तिथूनच घेतले आहेत.

चौथी पायरी: दुकानात

बूट ऑनलाइन मागवू नयेत. मागवलेच, तर परत करण्याची मुदत आणि अट आधी वाचून घ्यावी आणि घरात, स्वच्छ फरशीवरच घालून पाहावेत.

दुकानात संध्याकाळी जावे, ट्रेकचेच मोजे आणि वापरात असेल तर वेगळा इनसोल, म्हणजे बुटाच्या आत घालायचा सुटा तळही, सोबत न्यावा. बूट हातात आल्यावर तो लगेच पायात घालू नये. आधी त्याचा आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर कागदाचा तुकडा ठेवावा. कागद कुठेही कडेबाहेर येत असेल, तर तो बूट कितीही मऊ वाटला तरी परत ठेवावा. ही एकच कृती निम्मे बूट बाद करते आणि विक्रेत्याशी वादही होत नाही.

नंतर हात आत घालून बोटांच्या टोकांनी संपूर्ण अस्तर चाचपावे. बोटांच्या वर आणि करंगळीच्या बाजूला जाड शिवण, दुमडलेले कापड, गोंदाचा कडक थेंब किंवा टोचणारा धागा लागतो का ते पाहावे. माझ्या जखमेचे मूळ अशाच एका जाड शिवणीत होते, आणि ती हाताला दोन सेकंदांत लागली असती.

मग बुटाचा सांगाडा पाहावा. टाचेमागचा कप अंगठ्याने दाबला तर तो सहज चेमटू नये. बूट दोन्ही हातांनी वाकवला तर तो चवड्यापाशी, जिथे बोटे वाकतात तिथे, वाकावा. मधोमध दुमडला तर त्याचा तळ कमजोर आहे. ओले कापड पिळावे तसा तो पिळून पाहावा, फार पिळला जाणारा बूट खडकाळ वाटेवर पायाला वेडावाकडा भार देतो. मधला भाग ताठ असण्याचे महत्त्व कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर कळते, कारण तिथे शिडीची पायरी थेट पायाच्या कमानीखाली येते. तळाला पुढच्या बाजूने किंचित होडीसारखा बाक असेल तर पाऊल उचलताना चवड्यावरचा दाब कमी होतो. मात्र अलीकडे मिळणारे अतिजाड, गादीसारखे लुसलुशीत तळ बधिर पायाला जमिनीचा अंदाज आणखी कमी देतात आणि घोटा मुरगळण्याची भीती वाढवतात, म्हणून मी ते टाळते.

आता बूट घालावा. दोन्ही पायांत घालावा, लेस पूर्ण बांधावी आणि उभे राहावे. उभ्या स्थितीत दुसऱ्या व्यक्तीने बुटाचे टोक दाबून सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा आहे का हे पाहावे. दुकानात उताराची फळी असेल तर तिच्यावर, नसेल तर जिन्यावर, पाय आपटत उतरून पाहावे. बोटे टोकाला लागता कामा नयेत. चढताना टाच थोडी उचलली जाणे चालते, भरपूर उचलली जाणे चालत नाही.

शेवटी १५ ते २० मिनिटे दुकानातच फिरावे, बूट आणि मोजे काढावेत आणि कातडी पाहावी. लाल पट्टा, खड्डा किंवा वळ दिसला तर तो कुठे आहे हे पाहून बूट बदलावा. तळवा दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढावा. विक्रेते हमखास म्हणतात, ‘ताई, वापरून सैल होईल.’ निरोगी पाय ते सोसतो. आपला पाय, बूट सैल व्हायच्या आत फाटतो. हे वाक्य ऐकले की शांतपणे दुसरा जोड मागावा, आणि मनासारखा मिळाला नाही तर तसेच परत यावे.

आतला तळ

बुटासोबत येणारा इनसोल बहुधा पातळ फोमचा असतो आणि काही ट्रेकमध्ये दबून जातो. संवेदना शाबूत असेल आणि पायाचा आकार सरळ असेल तर तोच वेळोवेळी बदलणे पुरते. चवड्याखाली घट्टे येत असतील किंवा संवेदना कमी असेल, तर पायाच्या साच्यावरून बनवलेला, दाब सगळ्या तळव्यावर पसरवणारा इनसोल घ्यावा.

या विचाराचा उगम भारतातला आहे हे फार जणांना ठाऊक नसते. शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांवर काम करू लागले. कुष्ठरोग्यांचे पाय रोगाने ‘सडतात’ अशी तेव्हा समजूत होती. वेदना कळत नसल्यामुळे रुग्ण जखमी पायावर चालत राहतो आणि त्यामुळे पाय झिजतो, हे ब्रँड यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल येथे त्यांनी हीच दृष्टी मधुमेही पायांना लावली. भारतात कुष्ठरुग्णांच्या चपलांसाठी रुळलेले मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे एमसीआर, आज मधुमेहींच्या चपलांत आणि इनसोलमध्ये सर्रास वापरले जाते. मुंबईत हाजीअलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत, तसेच मोठ्या शहरांतल्या कृत्रिम अवयव आणि पादत्राणे बनवणाऱ्या केंद्रांत, अशा इनसोलविषयी चौकशी करता येते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एमसीआरची चप्पल घरात आणि गावात उत्तम, पण मागे पट्टा असला तरी ती डोंगरात चालत नाही. आणि जाड इनसोल बुटाची आतली उंची खातो. बूट आधी घेऊन इनसोल नंतर कोंबला की बोटे वर घासू लागतात. इनसोल आधी करून घ्यावा आणि तो घालूनच बूट निवडावा.

मोजे आणि लेस

सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओले झाल्यावर सुरकुततात. मेरिनो लोकरीचे किंवा ओलावा बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचे, टाचेला आणि चवड्याला जाड विणीचे, बोटांवर उंच शिवण नसलेले मोजे घ्यावेत. वरचे इलॅस्टिक काढल्यावर पोटरीवर खोल वळ उरत असेल तर ते मोजे वापरू नयेत. रफू केलेला मोजा म्हणजे आत ठेवलेला खडाच. रंग पांढरा किंवा फिका असावा, कारण रक्त किंवा पाणी पाझरले तर त्याच रंगावर ते दिसते. माझा मोजा काळा असता तर तो डाग मला कदाचित दुसऱ्या दिवशीही दिसला नसता.

लेस चढताना चवड्याकडे थोडी सैल आणि घोट्याशी घट्ट असावी. उतरण्यापूर्वी थांबून, टाच मागे ठोकून, ती पुन्हा बांधावी म्हणजे पाय पुढे सरकत नाही. पायाच्या वरच्या बाजूला हाड उंच असेल तर त्या जागी लेस तिरकी न ओवता दोन्ही बाजूंनी सरळ वर न्यावी, त्यामुळे तिथे दाब पडत नाही.

बूट रुळवणे

नवे बूट घालून थेट गडावर जाणे ही सर्वांत मोठी चूक होय. पहिल्या दिवशी घरात अर्धा तास घालावेत, काढून पाय पाहावेत. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ती जागा तपासावी आणि दुकानदाराकडे परत जावे. मग रोज थोडा वेळ वाढवत एक-दोन तासांपर्यंत न्यावा, त्यानंतर डांबरी रस्त्यावर, मग पर्वती किंवा जवळच्या टेकडीच्या पायऱ्यांवर, मग पाठीवर सॅक घेऊन सिंहगडासारख्या अर्ध्या दिवसाच्या चढणीवर जावे. याला तीन-चार आठवडे लागतात. दिवाळीनंतरच्या ट्रेकसाठी बूट गणपतीच्या सुमारास घेऊन ठेवावेत.

वाटेवर

बूट घालण्यापूर्वी दर वेळी तो उलटा करून झटकावा आणि आत हात फिरवावा. गडावर मुक्काम असेल तर विंचवासाठी हे सगळेच करतात. आपण खडा, काटा आणि दुमडलेला इनसोल यांच्यासाठीही करावे. तळाला रुतलेला काटा आतून टोक काढत नाही ना, हेही पाहावे.

दर दोन तासांनी आणि माथ्यावर पोहोचल्यावर बूट-मोजे काढून पाय पाहावेत, मोजे ओले असतील तर बदलावेत. सोबत्यांना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे घाई होत नाही. लाल झालेल्या जागेवर फोड यायच्या आतच कागदी चिकटपट्टी लावावी. फोड आलाच तर तो फोडू नये. निर्जंतुक गॉझ ठेवून झाकावा, त्यावरचा दाब काढावा आणि जवळच्या वाटेने उतरावे. उतारावर दोन काठ्या वापरल्या तर पायांवरचा भार कमी होतो.

देवळापुढचा प्रश्न नाजूक आहे. कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, देवीचे मंदिर आहे आणि तिथे पायातले काढावेच लागते. दुपारच्या उन्हात तापलेला कातळ बधिर पायाला भाजतो आणि ते कळतही नाही. अशा वेळी जाड कोरडे मोजे घालून जावे. दर्शन सकाळी लवकर घेता आले तर उत्तमच. ओढा ओलांडताना अनवाणी होऊ नये, बूट ओले झाले तरी चालतील. रात्री शेकोटीजवळ पाय शेकू नयेत.

परतल्यावर

घरी आल्यावर गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसण्याची आपली जुनी सवय मधुमेहींनी सोडावी. पाणी किती गरम आहे हे पायाला कळत नाही, आणि भिजलेली कातडी आणखी नाजूक होते. कोमट पाण्याचा अंदाज कोपराने घ्यावा, पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात आणि टाचेला व तळव्याला मलम लावावे. बेचक्यांत मलम लावू नये.

पाय उजेडात पाहावेत. संवेदना कमी असलेल्यांनी घरात इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवला तर दोन्ही पायांच्या त्याच त्या जागा मोजता येतात. एका पायाची एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून अधिक गरम असेल आणि दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले, तर चालणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आत दाह सुरू झाल्याची ती खूण असते आणि ती अनेकदा जखमेच्या आधी दिसते. जखम, पाणी भरलेला फोड किंवा नखाखाली साठलेले रक्त दिसले तर दुखत नाही म्हणून वाट पाहू नये, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखवावे.

बुटांतला इनसोल काढून, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून, ते सावलीत वाळवावेत. उन्हात आणि हीटरपुढे गोंद सुटतो. बरेच महिने कपाटात पडलेले बूट ट्रेकला नेण्यापूर्वी घरात घालून चालून पाहावेत, कारण पॉलियुरेथेनचा मधला थर आपल्या दमट हवेत वापराविनाही भुगा होतो आणि तळ वाटेतच उचकटतो. टाचेची एक बाजू झिजून बूट टेबलावर तिरका उभा राहू लागला, आतल्या अस्तराला भोक पडले किंवा इनसोलवर बोटांचे खोल ठसे उमटले, की वरून कितीही चांगला दिसत असला तरी तो जोड डोंगरासाठी बाद करावा, आणि नवा घेताना पाय पुन्हा नव्याने मोजावेत, कारण वयाबरोबर आणि मधुमेहाबरोबर पायाचा आकारही बदलत असतो.